मागचं डावं चाक

आमच्या घरात पांढऱ्या रंगाला फार मान होता. बाबांचे शर्ट दोनच, पण दोन्ही पांढरे. माय त्यांना नीळ घालायची आणि ती जास्त झाली की स्वतःवरच चिडायची. आमचं बोथ तेलुगू मुलखाच्या कडेचं गाव, बाबा तिथल्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, कारकून होते. कागदाशिवाय कशाला हात लावायचे नाहीत, तरी घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचे. बोटांच्या पेरांमधली शाई घासून घासून काढायचे आणि मग हात पुढे धरून उजेडात बघायचे. लहानपणी मला वाटायचं की ऑफिसात काहीतरी फार घाण काम असणार. पुढे कळलं, ते स्वतःचे हात बघतच नव्हते. माझे आजोबा सालदार होते, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे, त्यांचे वडीलही सालदारच. शाळा शिकून खुर्चीवर बसणारे आमच्या घरातले बाबा पहिले. त्या काळ्या हातांतलं काही आपल्यात उरलंय का, हे ते रोज संध्याकाळी तपासत असावेत.

संध्याकाळी चुलीजवळून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. अंबाडीची भाजी शिजत असली की सगळ्या घराला आंबट वास सुटायचा. जेवणं झाली की चळवळीच्या पत्रकांचं वाचन. नागपूरकडून येणारे पाहुणे कापडी पिशवीत घालून ही पत्रकं आणायचे. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, बोटाला लागणारी शाई. माझी बाराखडी पाटीवर कमी आणि या पत्रकांवर जास्त गिरवली गेली. मी मोठ्यानं वाचायचो, बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि माय भांडी घासायची. तिला ऐकायला बोलवावं असं आम्हा दोघांनाही कधी सुचलं नाही. दहावीपर्यंत मी स्वतः पत्रकं लिहू लागलो होतो. माझ्या वाक्यांना तेव्हा फार धार होती, आणि ती कोणाला लागते याची फिकीर अजिबात नव्हती.

दहावीनंतर मी आयटीआयचा फॉर्म भरला. ट्रेड, मोटार मेकॅनिक. बाबांना सांगितलं तेव्हा ते शर्टाची बटणं काढत होते. हात तिथंच थांबला.

"काऊन?" एवढंच म्हणाले.

मी तयारीनं गेलो होतो. इंजिन कोणाची जात विचारत नाही, ज्याला कळलं त्याच्या हातानं चालू होतं, असं एक वाक्य मी आधीच रचून ठेवलं होतं. ते म्हणून टाकलं. बाबा बाजेवर बसले.

"माया आज्याचे हात काळे, माया बापाचे काळे," ते म्हणाले. "मी तुले त्यातून बाहेर काढलं. अन् तू पुन्ना तिकडंच चालला?"

"ते काळे हात आपल्याले दुसऱ्यानं देल्ले होते, बाबा. हे मी निवडून राह्यलो."

भैंसा गावचे माझे मामा शिक्षक होते. त्यांना मुद्दाम बोलावणं गेलं. त्यांनी भविष्याचं चित्रच मांडलं. शिक्षकाला पेन्शन आहे, कारकुनाला पेन्शन आहे, मेकॅनिकला कंबरदुखी आहे. लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप पहिल्यांदा हात बघतो, असंही ते म्हणाले. माय म्हणाली की दादा, तुमचे हात पाहूनच वैनीच्या बापानं वैनीचं जमवलं होतं, तरी वैनी अजून रडते. मामा हसले, पण मुद्दा सोडला नाही. शेवटी बाबांनी अट घातली. दोन वर्षं करून बघ. पण एकदाही नापास झालास तर मुकाट्यानं टायपिंगला बसायचं आणि कारकुनाची परीक्षा द्यायची. मी हो म्हणालो. मनातून मी घाबरलो होतो, कारण बाबा अटी मोडत नसत, दुसऱ्याच्याही आणि स्वतःच्याही.

माझी खरी बालवाडी मात्र आधीच झाली होती, ती हमरस्त्यावरच्या फाट्याला, रशीद उस्तादच्या गॅरेजात. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि शेजारी कडुनिंब. दोन उन्हाळे मी तिथं काढले. हैदराबादहून नागपूरकडे जाणारे ट्रक तिथं थांबायचे. उस्ताद आधी हात लावायचे नाहीत, आधी कान लावायचे. डोळे मिटून, मान तिरकी करून. बाबा पत्रक ऐकायचे तसेच. त्यांचा एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. चाक ज्यानं बसवलं, नट ज्यानं कसले, त्यानं गाडीच्या पहिल्या फेरीला त्याच चाकावर बसायचं. "जिसने कसा, वो बैठेगा," म्हणायचे. ट्रक असेल तर मागच्या हौद्यात, जीप असेल तर मागच्या बाकावर, बरोबर त्या चाकाच्या वर. फेरी मारून आल्यावर विचारायचे, क्या सुना? नट सैल असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक टक येतो. तो पोटात कळतो, कानाला नंतर. हा नियम मी घरी इतक्या वेळा सांगितला होता की माय भाकरी वाढताना चेष्टा करायची, जिनं थापली तिनंच पहिली खायची का रे?

पण उस्तादनाही काळजी होतीच. नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या. त्यांचे डिझेलचे पंप सीलबंद यायचे, उघडले तर कंपनी हात वर करायची, दुरुस्तीला थेट नागपूरला पाठवावे लागायचे. उस्ताद म्हणायचे की अजून काही वर्षांनी कोणी काही दुरुस्तच करणार नाही, नुसतं बदलतील. "मेरे हाथ में काम है, कागज नहीं," ते म्हणाले होते. "तू कागज ले ले." बस डेपोत त्यांना कधीच घेतलं नव्हतं, कारण सर्टिफिकेट नव्हतं. आज माझ्याकडे पोरं येतात आणि विचारतात, काका, बॅटरीच्या गाड्या आल्या, या ट्रेडला पुढं काय आहे? मी उत्तर देतो, पण देताना मला उस्तादचा तेव्हाचा चेहरा दिसतो. या धंद्यात पुढचं कधीच स्वच्छ दिसत नाही. मला तरी कधी दिसलं नाही.

आयटीआय जिल्ह्याच्या गावी, आदिलाबादला. आमच्या ट्रेडचे नरसय्या सार तेलुगू माणूस, तिकडचेच. वर्गात तेलुगू बोलायचे, आम्हा मराठी पोरांसाठी मधेमधे हिंदी. फळ्यावर सगळं तेलुगूत. माझं डोकं पहिल्याच आठवड्यात भडकलं. आपल्या भाषेत शिकणं हा हक्क आहे, असं मी शेकडो वेळा मोठ्यानं वाचलेलं होतं. मी ठरवलं, तेलुगू शिकायची नाही. शिकलो तर तो पराभव. एक पत्रक लिहिलं, 'मराठी मुलांनी आपली जीभ का गिळावी?' आणि वर्कशॉपच्या दारावर चिकटवलं. नरसय्या सारांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी मलाच ते वाचायला लावलं, एका पोराकडून अर्थ समजून घेतला, मग मान हलवली आणि तेलुगूत एक वाक्य म्हणाले. त्यातला पहिला शब्द तेवढा मला कळला, 'बगा'. आमच्याकडे बघा म्हणत नाहीत, बगा म्हणतात. मी समजलो, ते पोरांना म्हणताहेत, बघा याच्याकडे. पोरं हसली. तो अपमान मी जपून ठेवला.

तेलुगूवाचून अडलंही नाही. वर्कशॉपमध्ये भाषा कोणतीच नव्हती. पाना, जॅक, ड्रम, टाइट, लूज, एवढ्यावर दोन वर्षं निघाली. थिअरीचे पेपर मी हिंदी पुस्तकं पाठ करून काढले. शेवटची प्रॅक्टिकल तेवढी उरली. त्या वर्षी बातमी आली की प्रॅक्टिकल घ्यायला डेपोतले फोरमन येणार आणि अप्रेंटिस म्हणून कोणाला घ्यायचं हे तिथंच ठरेल. जागा मोजक्याच होत्या. पास झालो तर डेपो, नापास झालो तर टायपिंगचं मशीन. मधे काही नव्हतं.

फोरमन वयस्क, करीमनगरकडचे, हळू बोलणारे. मला जुनी सरकारी जीप मिळाली. मागच्या डाव्या चाकाचे ब्रेक बदलून चाक परत बसवायचं. काम नीट झालं. ड्रम बसला, चाक चढलं, नट समोरासमोरच्या क्रमानं लागले. जॅक खाली केला आणि मी शेवटचं कसायला पान्यावर भार दिला. शेजारी दुसऱ्या पोराचं इंजिन धडधडत होतं. फोरमन माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बागा बिगिंचु."

मी ऐकलं, 'बगा, बिगडंन.'

काय आनंद झाला म्हणून सांगू. माणूस आपला निघाला. मराठी निघाला. वरून करीमनगरकडचा फोरमन, आणि आतून मायेनं सावध करतोय की बघ रे, बिघडेल. उस्तादही म्हणायचे, जादा कसलं की आटे जातात. मी मागे न बघता मान डोलावली आणि एकेक करून पाचही नट अर्धा वळसा मागे घेतले. फोरमन तोवर वळून वहीत काहीतरी लिहीत होते.

फेरीला नरसय्या सार स्टिअरिंगवर बसले, फोरमन शेजारी. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण पाय सवयीनं उचलले गेले आणि मी मागच्या बाकावर, डाव्या चाकावर जाऊन बसलो. फोरमननी मागे वळून पाहिलं आणि सारांना निघायची खूण केली. मैदानाची अर्धी फेरी सरळ गेली. वळणावर मला ते पोटात कळलं. टक. मग थोडं थांबून पुन्हा टक.

आधी वाटलं, भास आहे. मग वाटलं, दगड असेल. मग दर फेऱ्याला येऊ लागला. मी हिशेब केला की आता जीप वर्कशॉपच्या दारात थांबेल, हे दोघं उतरतील, मी पाना घेऊन दोन मिनिटांत आवळून टाकीन, कोणाला कळणार नाही. तेवढ्यात फोरमननी हातानं फाटकाकडे खूण केली. जीप रस्त्यावर निघाली. समोर शाळा सुटलेली, सायकली, एक बैलगाडी. सारांनी गिअर बदलला आणि टक-टक जवळजवळ आली. मी दोन्ही हातांनी बाक धरला. तोंड उघडलं तर दोन वर्षं गेली. बाबांचा हात बटणावर थांबलेला दिसला. टायपिंगच्या मशीनचा आवाजही, मी शपथेवर सांगतो, त्या टक-टकमध्येच ऐकू आला. अजून थोडं टिकेल, वळून परत येईपर्यंत टिकेल, असं मी चाकाला विनवत होतो. एक सायकल अगदी जवळून गेली, मागच्या कॅरिअरवर एक मुलगी बसली होती.

"आपंडी," मी ओरडलो. "सार, आपंडी."

थांबवा. बसमध्ये रोज ऐकलेला शब्द. दोन वर्षांत माझ्या तोंडून निघालेला पहिला तेलुगू शब्द तोच.

फोरमन उतरले, वाकले आणि वरचा नट दोन बोटांनी फिरवून पाहिला. तो फिरला. त्यांनी तेलुगूत काहीतरी विचारलं. नरसय्या सारांनी हिंदीत सांगितलं, "सार पूछ रहे, कसने को बोला तो ढीला कायकू किया?"

मला काही कळेना. मी म्हणालो, सारनीच तर सांगितलं ना. मराठीत सांगितलं, बगा, बिगडंन.

नरसय्या सारांनी ते दोनदा स्वतःशी पुटपुटून पाहिलं. मग हसू फुटलं आणि मिशीतच दाबलं गेलं. "बागा बिगिंचु," ते सावकाश म्हणाले. "बागा, याने अच्छा. बिगिंचु, याने कस. अच्छा कस, बोले सार."

फोरमन हसले नाहीत. ते जे बोलले ते सारांनी मला जसंच्या तसं सांगितलं. नट कोणत्या भाषेत सैल राहिला, हे बसमधला माणूस विचारत नाही. एवढं बोलून त्यांनी मलाच पाना दिला. मी रस्त्यात बसून पाचही नट आवळले. येणारे जाणारे बघत होते. उठलो तेव्हा फोरमननी माझं नाव विचारलं आणि वहीत लिहिलं. मी नापास झालो, हे विचारायची गरज नव्हती.

निघताना मी सारांना विचारलं की सार, तेव्हा दारावरचा माझा कागद पाहून तुम्ही काय म्हणाला होतात? त्यांना आठवायला वेळ लागला. "बागा रासावु," ते म्हणाले. "अच्छा लिखा, बोला था." मी दोन वर्षं जपलेला अपमान हा असा निघाला. मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मान खाली घालून निघून आलो.

बोथला उतरलो तेव्हा बाबा दारातच उभे होते. हात धुवून झाले होते. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शब्दाचं सांगितलं तेव्हा चुलीपुढून माय म्हणाली, "बिगिंचु म्हंजे आवळ. शेजारची लक्ष्मम्मा बाजेची दोरी आवळताना पोराले तेच म्हंते."

माझी माय, जिला सहीसुद्धा करता येत नव्हती, तिला तो शब्द येत होता. बाजारात अंबाडीला पुंटीकूर म्हणत तिनं अर्धं आयुष्य भाव केला होता, आणि त्यात तिची जीभ कोणी गिळली नव्हती. माझं ते पत्रक तिनं ऐकलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे. तिला बोलावलंच कुठं होतं.

बाबांनी एकच विचारलं. "गाडी तूच थांबवली?"

"हो."

"कोनी सांगतलं नोतं?"

"नाही."

जेवताना मी टायपिंगच्या क्लासच्या वेळा मनात जुळवत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी शाळकरी वही आणली, बाजेवर बसले आणि पानावर पट्टीनं दोन रेघा ओढून तीन रकाने पाडले. वर लिहिलं, मराठी, तेलुगू, कारखान्यात. पहिल्या ओळीत आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'आवळणे, बिगिंचु, टाइट'. मग वही माझ्या पुढ्यात टाकली. "पुढचं लिही. मले समदे येत नाहीत. तुया मायले विचार." अटीचा विषय त्यांनी काढला नाही. आयुष्यात मोडलेली त्यांची ती एकच अट, आणि ती मोडली असं ते कधी कबूल करायचे नाहीत.

मग संध्याकाळचं वाचन बदललं. माय सांगायची, मी लिहायचो, बाबा तपासायचे. सैल, गच्च, डावं, उजवं, गळतंय, तापलंय, आवाज येतो. काही शब्दांना माय लक्ष्मम्माला भिंतीवरून हाक मारून विचारायची आणि लक्ष्मम्मा म्हणायची, पोरगा मोटारीचं शिकतो की संसाराचं? पुढे मी त्या वहीच्या प्रती काढून बोथ आणि भैंसाकडच्या पोरांना वाटल्या. मी आयुष्यात पुष्कळ पत्रकं काढली. आपल्या भाषेत शिकण्याचा हक्क मी अजून मानतो आणि त्यासाठी अजून भांडतो. पण लोकांनी घडी घालून खिशात ठेवलेलं माझं पत्रक तेवढं एकच, आणि त्यात मागणी एकही नव्हती.

पुढच्या बॅचबरोबर मी पुन्हा परीक्षेला बसलो. फोरमन तेच आले. "बिगिंचावा?" त्यांनी विचारलं. कसलंस का? "बिगिंचानु, सार," मी म्हणालो, आणि कोणी सांगायच्या आत मागच्या बाकावर जाऊन बसलो.

डेपोत लागल्यावर पहिले काही महिने मी झोपेतही नट मोजायचो. बाबा माझ्या हातांकडे बघायचे नाहीत, बघितलं तरी नजर फिरवायचे. डेपोत तर ते कधीच आले नव्हते. एकदा ऑफिसच्या कामानं ते आदिलाबादला आले होते आणि तिथून त्यांना निर्मलला जायचं होतं. बस डेपोतून निघून स्टँडवर लागली होती. सकाळी तिचं एक चाक मी बसवलं होतं आणि पहिल्या फेरीला डेपोपासून स्टँडपर्यंत बसून आलो होतो. खाली उतरून हात पुसत होतो तर समोर बाबा. पांढरा शर्ट, काखेत कागदांची पिशवी. ते नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत, तिथं धूळ कमी म्हणून. आमच्या बाजूच्या रस्त्यांना मागच्या चाकावर बसणारा माणूस उतरताना मातीचाच होऊन उतरायचा.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. या वेळी नजर फिरवली नाही.

"कोनतं?" त्यांनी विचारलं.

"मागचं डावं."

ते बसमध्ये चढले. पुढची सीट रिकामी होती. तिच्यावरून ते पुढे गेले, सगळी बस ओलांडून मागच्या डाव्या चाकावरच्या खिडकीत जाऊन बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. बस सुटली. फाटकाबाहेर वळेपर्यंत मी मान तिरकी करून ऐकत उभा होतो.

काही वाजलं नाही.